‘पुढे जा’ दाबायचं नाही

१३ जानेवारी

सिबिच्चनचा आज ऑफिसातला शेवटचा दिवस. उद्या नेडुंबाश्शेरीहून विमान, परवा आयर्लंड. लवली तिथल्या हॉस्पिटलात लागली त्याला वर्ष झालं, आता हा बायकोच्या मागे निघाला. आमच्या नर्सेसच्या संघात अर्ध्याअधिक नवऱ्यांचं हेच होतं. त्यात नवल नाही.

त्रेस्याम्मा चेचीने, म्हणजे सगळ्यांची ताई असलेल्या आमच्या सेक्रेटरीने, सगळ्यांना चहा आणि पळंपोरी मागवली. खजिनदार इट्टूप सरांनी भाषण केलं. संघाचा स्वतःचा मेल सर्व्हर सिबिच्चनने एकट्याने उभा केला, जगभरातल्या आपल्या मुली त्यावर विश्वासाने लिहितात, चार वर्षांत तो एकदाही बंद पडला नाही, वगैरे. सिबिच्चन मान खाली घालून केळ्याची भजी खात होता. जसं काही यानं विहीरच खणली. एक कंटेनर तर आहे. सगळं सामान आत भरून बंद केलेला डबा. कुठल्याही मशीनवर ठेवावा आणि चालू करावा.

निघताना माझ्या टेबलाशी घुटमळत होता.

“एडी मेर्ली, सर्व्हरचं एक सांगायचं राहिलंय.”

“लिहून दिलंयस ना सगळं?”

“दिलंय. पण हे जरा...”

“मग वाचीन मी. वाचता येतं मला.”

हसला, बॅग खांद्याला लावली आणि गेला. चार वर्षं एका खोलीत बसून याने मला एक कमांड नीट समजावून सांगितली नाही. ‘तू सरक, मी करतो’, हे त्याचं शिकवणं. आता खुर्ची माझी.

सगळे उद्या विमानतळावर जाणार आहेत. मी जाणार नाही. मला गर्दी आवडत नाही.

१४ जानेवारी

घरीच होते. विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं.

१५ फेब्रुवारी

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं तर तिन्ही फोन वाजत होते. रियाध, लंडन, लुधियाना, सगळीकडून एकच तक्रार. मेल उघडायला गेलं की पाटी येते, ‘या सर्व्हरची ओळख पटत नाही. पुढे जा?’

सर्व्हरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे त्याच्या ओळखपत्राची, मुदत काल संपली होती. हे होणं शक्यच नव्हतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवं सर्टिफिकेट आपोआप येतं. फोल्डर उघडून पाहिलं तर नवं येऊन पडलेलं होतं. आणि सर्व्हर मात्र जगाला जुनंच दाखवत होता. पाणी कुठे मुरतंय तेच कळेना.

तेवढ्यात इट्टूप सर फोन हातात घेऊन आले. “सगळ्या ग्रुपांवर टाकतो. ‘घाबरू नका, पुढे जा दाबा आणि मेल बघा.’ बरोबर ना?”

“नाही सर. तसं टाकायचं नाही.”

“का? दाबलं की उघडतंय. मी स्वतः दाबून पाहिलं.”

“आज उघडतंय. पण एकदा हात बसला की मुली अशा प्रत्येक पाटीवर दाबणार. उद्या नोकरी लावणाऱ्या एजंटच्या वसतिगृहातल्या वाय-फायवर कुणी आपल्या नावाचा खोटा सर्व्हर उभा केला, तर तिथेही हीच पाटी येईल. तिथेही दाबतील. पासवर्ड त्याच्या हातात.”

“मेर्ली, बँकेत तीस वर्षं काढलीत मी. गिऱ्हाईक दारात उभं असताना त्याला प्रवचन द्यायचं नसतं.”

“बँकेत कुणी आला आणि म्हणाला, ओळखपत्राची मुदत गेलीय पण तुम्ही पुढे जा, तर पैसे द्यायचात?”

सरांचा चेहरा लाल झाला. माझा आवाज चढला होता हे खरं. पण मागे हटले नाही. म्हटलं, हा मेसेज गेला तर मी आजच घरी जाते.

त्रेस्याम्मा चेची आतून आली. तिला दोन वाक्यांत सांगावं लागतं, वॉर्डात वाढलेली बाई आहे. मी म्हटलं, “चेची, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालंय, पण गळ्यातला बिल्ला जुनाच घालून ही बाई दारात उभी आहे. सर म्हणतात, बिल्ला बघूच नका म्हणून सांगू.”

“बिल्ला न बघता मी कुणाला बाळंतिणीच्या खोलीत सोडलेलं नाही,” चेची म्हणाली. “इट्टूप, मेल राहू दे आज बंद.”

मग मी उलटा मेसेज लिहिला. ही पाटी आली तर दाबायचं नाही, थांबायचं, ऑफिसला फोन करायचा. दिवसभर फोन. दुपारी शेवटी कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला, तर सर्व्हर शहाण्यासारखा नवं सर्टिफिकेट दाखवायला लागला.

का, ते मला कळलेलं नाही. सगळ्यांना मात्र ‘दुरुस्त केलं’ असं सांगितलं.

१८ फेब्रुवारी

कार्यकारिणीची बैठक. इट्टूप सरांनी ठराव आणला, सर्व्हर बंद करून मेल एखाद्या मोठ्या कंपनीच्या फुकट सेवेवर न्यावी. शांतपणे बोलले, त्यामुळे जास्त लागलं. “लोकांना मेल हवी आहे, तत्त्व नको. सिबिच्चन होता तोवर ठीक होतं. एका माणसावर संस्था चालवू नये.”

म्हणजे मी माणसांत जमा नाही.

मी उठून बोलले. आपल्याकडे जे येतं त्यात एजंटांची नावं असतात, कुणी पासपोर्ट ठेवून घेतला ते असतं, कुणी खोलीचं दार ठोठावलं तेही असतं. हे आपल्याशिवाय कुणी वाचणार नाही, असा शब्द दिलाय आपण त्या मुलींना. तो दुसऱ्याच्या घरात ठेवून कसा पाळायचा?

“आणि पुन्हा बंद पडला तर?” कुणीतरी विचारलं.

“पडणार नाही. मी सिद्ध करून दाखवते.”

ईस्टरनंतर निर्णय, असं ठरलं. कसं सिद्ध करणार, ते मला बोलताना माहीत नव्हतं. घरी येताना बसमध्ये सुचलं. वाट कशाला बघायची? मुदत संपलेलं सर्टिफिकेट मीच बनवीन, चुकीच्या नावाचं बनवीन, सर्व्हर चालू असताना मध्येच बदलीन, आणि बघीन तो काय करतो ते. हाताने नाही, आपोआप. सर्व्हरमध्ये कुणी एक ओळ बदलली तरी आधी हे सगळं होईल, आणि एकही टेस्ट नापास झाली तर तो बदल पुढे जाणार नाही.

घरी अम्मच्चीने, आईने, विचारलं, नोंबात, ईस्टरआधीच्या उपवासात, इतकी रागाने का जेवतेस. रागाने नव्हते जेवत.

२४ फेब्रुवारी

लवलीचा आयर्लंडहून फोन. तिला इथल्या दुकानातून आईसाठी औषध पाठवायचं होतं. बोलता बोलता म्हणाली, सिबिच्चन तिथे नुसता घरात बसून असतो, नोकरी नाही अजून, करमत नाही त्याला. “इथे त्याला उठवायला तो डबाही नाही ना.”

“कुठला डबा?”

“तुमचा कंटेनर गं. दर दोन महिन्यांनी उठवावा लागायचा. मुन्नारला गेलो होतो तेव्हा भर चहाच्या मळ्यात लॅपटॉप उघडून बसला. धाकटीच्या बाप्तिस्म्याला पंगत सोडून उठला. मी म्हणायचे, असं काय आहे त्यात? तर म्हणे, नवं सर्टिफिकेट आलं की त्याला हलवून जागं करावं लागतं, नाहीतर तो जुनंच धरून बसतो.”

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसूनच राहिले. चार वर्षं सर्व्हर बंद पडला नाही याचं कारण सर्व्हर नव्हताच. हा माणूस दर वेळी उठून हाताने बंद-चालू करत होता, आणि चकार शब्द कुणाला बोलला नाही. मला तर नाहीच.

त्याला मेसेज केला. ‘एवढी मोठी गोष्ट सांगायला तोंड नव्हतं?’

उत्तर आलं, ‘विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’

‘मी ज्योतिषी आहे?’

त्यावर काही लिहिलं नाही. त्याचं हे असंच. वेळेला तोंड उघडायचं नाही, मग गप्प बसून मोठं व्हायचं.

२९ फेब्रुवारी

झालं. कंटेनरमध्येच एक छोटं सर्टिफिकेट कार्यालय उभं केलंय, माझ्या शिक्क्याचं. ते हवं तसं सर्टिफिकेट काढून देतं, चांगलं, शिळं, परक्या नावाचं. मग टेस्टमधलं एक छोटंसं गिऱ्हाईक जाऊन सर्व्हरचं दार वाजवतं आणि काय दाखवलं ते तपासतं. कंटेनरलाही शिकवलंय, फोल्डरवर नजर ठेव, नवं सर्टिफिकेट आलं की आपणहून ते उचल. दुपारी पहिल्यांदा सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. एकही लाल नाही.

येताना ताडीच्या दुकानामागच्या खाणावळीत कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि माशाचं लाल कालवण खाल्लं. नोंब मोडला. अम्मच्चीला सांगणार नाही.

१ मार्च

माती झाली सगळी.

सकाळी गंमत म्हणून मुद्दाम सर्व्हरला भलत्याच नावाचं सर्टिफिकेट दिलं. टेस्ट हिरव्या. मुदत संपलेलं दिलं. हिरव्या.

तासभर शोधलं. पहिल्याच दिवशी, काम पुढे सरकावं म्हणून, मी टेस्टमधल्या गिऱ्हाइकाला एका ओळीत सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट पटलं नाही तरी चालेल, आत जा. घरचा शिक्का कुणी ओळखत नाही ना, म्हणून तेवढ्यापुरतं. म्हणजे इट्टूप सरांशी भांडून घसा बसवला ती मी, आणि ‘पुढे जा’ दाबून ठेवलं तेही मीच.

त्रेस्याम्मा चेचीला सांगितलं. तिला नाही तर कुणाला सांगणार? ती गोळ्यांची डबी बंद करत म्हणाली, “मोळे, पोरी, आमच्या वॉर्डात एक थर्मामीटर होता. सगळ्यांना अठ्ठ्याण्णव दाखवायचा. मेट्रन त्याच्यावर फार खूश.”

“मग?”

“मग मी तो चहाच्या कपात बुडवला. तरी अठ्ठ्याण्णव. फेकून दिला.”

ती ओळ काढून टाकली. गिऱ्हाइकाला घरचा शिक्का ओळखायला शिकवला, बाकी कुणाला मानायचं नाही. आता दर टेस्टला जोडीदार आहे. खरं सर्टिफिकेट दिलं तर आत जायचं, खोटं दिलं तर परत फिरायचं. परत फिरलं नाही तर टेस्ट नापास. नापास होऊन दाखवलं नाही तर तिला टेस्ट म्हणायचंच नाही.

आज हिरवं कमी आहे. बरं वाटतंय.

७ मार्च

इट्टूप सर रोज येता-जाता विचारतात, “काय, परीक्षा संपल्या का तुमच्या?” आज म्हटलं, “संपायच्या नाहीतच सर. रोज घेणार.”

“मूल पास होऊन लग्नाला आलं तरी?”

“नातवंडं झाली तरी.”

हसले. पण ठराव त्यांच्या खिशात आहे, हे विसरायचं नाही.

सिबिच्चनचा आपणहून मेसेज. ‘किती दारं तपासतेस?’

‘दार म्हणजे?’

‘मेल येते ते एक, पाठवतात ते एक, वाचतात ते एक. आत दोन वेगळे गडी आहेत, म्हणजे प्रोग्राम. एक नवं सर्टिफिकेट पटकन घेतो, दुसरा आळशी आहे.’

मी फक्त येणाऱ्या मेलचंच दार वाजवत होते. दुपारभर बसून तिन्ही दारं वाजवणाऱ्या टेस्ट लिहिल्या. सर्व्हर चालू असताना सर्टिफिकेट बदललं. येण्याचं आणि पाठवायचं दार नवं दाखवतंय, वाचायचं दार जुनंच कवटाळून बसलंय. म्हणजे माझी ती हिरवी टेस्ट घेऊन बसले असते, तर ईस्टरच्या आधी पुन्हा तेच फोन वाजले असते.

आता बदल झाला की दोन्ही गड्यांना हलवायचं, आणि तिन्ही दारांवर नवं दिसेपर्यंत टेस्टने उठायचं नाही.

त्याला लिहिलं, ‘तिन्ही.’ त्याने एक अंगठा पाठवला. तिकडे पहाटे उठून काय करतो हा, नोकरी शोधायची सोडून?

१६ मार्च

आज खरं सर्टिफिकेट बदलणार होतं. इट्टूप सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. चेची उभीच. मी हात मांडीवर ठेवले. नवं सर्टिफिकेट आलं. थोडा वेळ काहीच नाही. मग एक दार, दुसरं दार, आणि जरासं थांबून तिसरं. तिन्हींवर नवी मुदत.

“झालं?” सर म्हणाले.

“झालं.”

“तू तर काहीच केलं नाहीस.”

चेचीने त्यांना बाहेर चहाला नेलं.

२८ मार्च, पेसहा, ईस्टरआधीचा गुरुवार

परवाचं आज लिहिते आहे.

मंगळवारी दुपारी आखातातून एका मुलीचा फोन आला. अश्वती. एजंटमार्फत गेलेली, एजंटच्याच वसतिगृहात राहते. बारीक आवाजात म्हणाली, “चेची, ती पाटी आलीये. ओळख पटत नाही म्हणते. तुमचा मेसेज होता, दाबायचं नाही म्हणून.”

पुन्हा? सर समोरच होते. फोन स्पीकरवर ठेवला आणि टेस्ट खऱ्या सर्व्हरवर सोडल्या. तिन्ही दारं, नाव, मुदत, शिक्का. सगळं हिरवं. महिन्यापूर्वी ते बघून मी तिला म्हटलं असतं, आमचंच काहीतरी बिघडलं असेल. आता म्हणू शकत नव्हते. या हिरव्याला मी नापास होताना पाहिलंय.

“अश्वती, आमच्या दारात काही गडबड नाही. तू कुठल्या वाय-फायवर आहेस?”

“इथल्याच. वसतिगृहाच्या.”

“ते बंद कर. फोनच्या नेटवर ये आणि पुन्हा उघड.”

तिने नेट बदललं. “पाटी गेली, चेची.”

म्हणजे खोटा सर्व्हर वसतिगृहाच्या वाय-फायवर होता. मग तीच म्हणाली, “वॉर्डन सकाळपासून विचारतोय, मेल चालत नाही का, चालत नसेल तर पुढे जा दाब, सगळ्या दाबतात. मी म्हटलं, आमच्या ऑफिसने नको सांगितलंय. तो हसला. आमचं ऑफिस काय करणार, म्हणाला.”

इट्टूप सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिची तक्रार त्याच मिनिटात आली. पासपोर्ट आल्या दिवसापासून वॉर्डनकडे, करारावर एक पगार आणि हातात दुसरा. त्रेस्याम्मा चेचीने वाचली. त्याच शहरातल्या आमच्या दोन जुन्या सभासद नर्सेसना फोन लावला. तासाभरात त्या गाडी घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. दूतावासाच्या मदत क्रमांकावर नाव-पत्त्यासह नोंद झाली. मग चेची अश्वतीला म्हणाली, “आता सामान भर. चल त्यांच्याबरोबर. पासपोर्टचं आम्ही बघतो.”

“नाही चेची,” अश्वती म्हणाली. आवाज तोच बारीक. “पासपोर्ट घेऊनच जाईन. फोन चालू ठेवते. खाली जाते.”

चेचीने तिला अडवलं नाही. गाडीतल्या दोघींना आत जायला सांगितलं. आम्ही ऐकत होतो. चपलांचा आवाज, दार, पंखा. मग वॉर्डनचा आवाज, आपलाच माणूस, मल्याळीच. अश्वती म्हणाली, “माझा पासपोर्ट द्या.”

“तो मुख्य ऑफिसात असतो. मेल उघडली का तुझी?”

“उघडली. तुमच्या वाय-फायशिवाय. तक्रार गेली. आणि माझे लोक फोनवर ऐकतायत.”

तो हसला. “कोण लोक?”

चेची फोनवर वाकली. वॉर्डात ती कशी बोलत असेल ते मला त्या दिवशी कळलं. “मी त्रेस्याम्मा, नर्सेस संघाची सेक्रेटरी. तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“मॅडम, हे बघा, पासपोर्ट इथे नाहीच...”

“नाव आधी.”

नाव-गाव सांगितलं त्याने. इट्टूप सरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, गावासकट, फोनमध्ये ऐकू जाईल असं. मग स्वतःच बोलले, “माणसाचा पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही, ठाऊक आहे ना? दुसऱ्या फोनवर दूतावास आहे. आणायला तुम्ही उठताय, की आम्ही तिकडून कुणाला पाठवू? आम्हाला घाई नाही.”

दुसऱ्या फोनवर कुणीच नव्हतं. सरांना इतकं सरळ तोंडाने खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ पंखाच. कपाट की ड्रॉवर, काहीतरी उघडलं. मुख्य ऑफिस त्याच खोलीत होतं म्हणायचं.

“चेची,” अश्वती म्हणाली, “दिला.”

मी डोळे पुसले. सरांनी टेबलावर हात आपटला. चेची मात्र फोनवरून हलली नाही.

“उघड,” ती म्हणाली. “तिथेच उभी राहून उघड. फोटो तुझा आहे? नाव वाच. जन्मतारीख वाच. मुदत कधीपर्यंत आहे ते वाच. सगळं पटलं, की मगच तिथून पाऊल उचल.”

आणि ती मुलगी त्या माणसासमोर उभी राहून, एकेक अक्षर सुटं करून, स्वतःचं नाव मोठ्याने वाचायला लागली.